बिबट्याला दिलेली मेंढरं

तीन कुत्री, पालथी पडलेली.

घडी घातलेली घोंगडी.

साय धरलेला चहा.

"मी घेतले नाहीत." हे मुआजचं, एकदाच, हळू आवाजात.

वारूळवाडीच्या समाजमंदिरात पत्त्यांच्या खेळाचा अंतिम डाव नुकताच संपला होता आणि पत्ते कमी भरत होते. पंच ऋषीने ते एकट्याने मोजले होते. बाहेर त्याने एवढंच सांगितलं, पत्ते कमी आहेत, निकाल थांबलाय.

खेळ लोणीच्या मेंढपाळ घरातल्या राजनंदिनीने बनवलेला. प्रत्येकाला सुरुवातीला दहा पत्ते: सात मेंढरं, तीन कुत्री. दर फेरीला गठ्ठ्यातले कोणतेही पाच पत्ते हातात येतात; त्यांच्या जोरावर बाजारातून चांगले पत्ते घेत गठ्ठा वाढवायचा. शेवटी ज्याचा कळप मोठा, तो जिंकला. नको तो पत्ता बिबट्याला देता, म्हणजे कायमचा डावाबाहेर टाकता येतो. पण कळप वाढवायच्या खेळात देतो कोण?

जुन्नरच्या मुआजने दिले. दहाच्या दहा. आधी मेंढरं, मग कुत्री. उरले विकत घेतलेले पाच भारी पत्ते. दर फेरीला तेच पाच हातात, नशिबाचा संबंधच उरला नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याने बाजारातली सगळी मेंढरं उचलली.

पण ऋषीच्या मोजणीत बिबट्याच्या ढिगात दहाऐवजी तीनच पत्ते निघाले. मुआजने दिल्याचं नाटक करून पत्ते लपवले, अशी बाहेर कुजबुज सुरू झाली.

"काही सांगायचंय?" ऋषीने विचारलं.

"लोक माझ्याकडे दुरुस्तीला फोन ठेवून जातात, ऋषीभाऊ. चोराकडे ठेवतील?"

ऋषीला त्याच्याकडे बघवेना. तो मुआजकडून हरलेल्या फैजानकडे वळला.

"डाव संपल्यावर कुठे होतास?"

"चहाला. सगळेच पांगलो व्हतो. आन् चोरायचंच असतं तर हरायच्या आधी चोरलं असतं की राव."

राजनंदिनी घोंगडी मांडीवर घेऊन बसली होती. खेळताना तीच टेबलावर अंथरली होती.

"तुम्ही कुठे होतात, ताई?"

"हितंच. घोंगडी आवरत व्हते. आज्याची हाय, चहा सांडला असता."

"ढिगाला हात लावलात?"

"मी कशाला लावू? पुण्याहून माणसं आल्यात खेळ छापायला. माझीच सात मेंढरं गेली, आन् मलाच इचारता व्हय?"

ऋषीने ढिगातली तीन कुत्री पुन्हा उलटून बघितली. मग त्याने सगळ्यांना आत बोलावलं.

"मुआजने कुत्री शेवटी दिली, म्हणजे ती वर होती. घाईत कुणीही वरचे पत्ते उचलेल. इथे वरची कुत्री बाजूला काढून खालची मेंढरं तेवढी नेलीत. मेंढरं कोंडायची आणि कुत्री बाहेर ठेवायची, ही ज्या हाताची जन्माची सवय, त्याच हाताचं हे काम. आणि ताई, किती गेले आणि कुठले गेले, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

राजनंदिनीने घोंगडीची घडी उलगडली. सात पत्ते फरशीवर पडले.

"सगळं बिबट्याला देऊन जिंकता येतं, खेळाला एवढं मोठं भोक हाय, हे छापणाऱ्यांनी बघितलं असतं," ती म्हणाली. "लबाडी ठरली असती तर भोक झाकलं असतं. मुआजला चोर म्हनतील, ह्याचा इचारच आला न्हाई." ती थांबली. "न्हाई, आला व्हता."

मुआजने खाली वाकून पत्ते गोळा केले आणि तिच्या हातात दिले. ऋषीने निकाल जाहीर केला. टाळ्या उशिरा वाजल्या, त्याही तुरळक.

मोजणी झाल्याबरोबर ऋषीने मुआजची पिशवी सगळ्यांसमोर बाहेरच्या चहाच्या टेबलावर उलटी केली होती. दुसऱ्या कुणाचीही पिशवी त्याने मागितली नव्हती.