ताईचे पाय थांबले की

ताईचं घर उद्या रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून लेखक दुपारचं जेवण उरकून पुस्तकं आणायला निघाला. काम तसं तासाभराचं. भांडीकुंडी शेजारणीनं गरजूंना वाटून टाकली होती आणि शिलाई मशीन ताईच्याच इच्छेनं तिनं स्वतःकडे नेलं होतं. मेहुण्यांनी फार वर्षांपूर्वी परगावची नोकरी धरली ती धरलीच, परत आलेच नाहीत, त्यांना काही नको होतं. राहिली होती ती पुस्तकं, आणि त्यातली बरीचशी त्याचीच. प्रत्येक कादंबरीची पहिली प्रत तो ताईला नेऊन देत असे.

निघताना त्यानं नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरणही पिशवीत टाकलं. बायकोला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, "माणूसच गेलं, आता वाचून दाखवणार कुणाला?" आणि तिचं काही चुकलं नसतं.

त्याचं असं होतं, की मनातल्या मनात वाचणं त्याला कधी जमलंच नाही. वर्तमानपत्र असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, तोंडानं म्हटल्याशिवाय डोक्यात शिरायचं नाही. वाचनालयातून त्याला दोनदा बाहेर काढलं होतं. लहानपणी ताई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची आणि हा शेजारी स्टुलावर बसून हाताला लागेल ते पुस्तक मोठ्यानं वाचायचा. खाली मशीनची खडखड, वर याचा आवाज. मध्येच एखाद्या वाक्याला खडखड थांबायची, ताई कापड तसंच धरून ऐकत राहायची. पुढे तो स्वतः लिहायला लागला, ताई लग्न होऊन या घरात आली, तरी रीत तीच राहिली. प्रकरण लिहून झालं की ताईकडे. पाय थांबले तर वाक्य ठेवायचं, नाही थांबले तर सरळ काट मारायची. काय वाचता, कसं लिहिता, प्रेरणा कुठून येते, असं कुणी विचारलं की तो हाच किस्सा तिखटमीठ लावून सांगे. "माझं सगळं लिखाण बहिणीच्या पायांवर उभं आहे हो," म्हटलं की टाळ्या ठरलेल्या.

त्यातली एक दुपार मात्र तो गाळत असे.

त्या दुपारी त्याची भाची, चिंगी, मागच्या अंगणात खेळत होती. अक्षरं लावायला नुकती कुठे शिकत होती. लेखक पहिल्या कादंबरीतलं प्रकरण वाचत होता आणि अगदी रंगात आला होता. मशीन थांबलं. त्यानं खूश होऊन वर पाहिलं, तर ताईची मान मागच्या दाराकडे वळलेली.

"चिंगीनं हाक मारली का रे?"

मारली होती. त्यानं ऐकली होती, अगदी स्पष्ट. "मामा!" अशी. पण पुढचा परिच्छेद त्याचा फार लाडका होता, आणि मुलं काय, दिवसभर हाका मारतच असतात.

"नाही गं. ऐक ना पुढे," तो म्हणाला आणि आवाज चढवून वाचत राहिला. ताईचे पाय पुन्हा चालू झाले. प्रकरण संपल्यावर ती उठून मागे गेली, तेव्हा अंगणातल्या हौदात चिंगीचा फ्रॉक तरंगत होता. त्यात चिंगी होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगायची, "मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही हो." तो तिथेच बसलेला असायचा. पुढे त्यानं तेच लिहिलं: एक शिवणारी आई, खडखडणारं मशीन, आणि बुडणारं मूल "आई, आई" म्हणून हाका मारतंय. एवढा एकच शब्द त्यानं बदलला होता. लोक ढसाढसा रडले, बक्षिसं मिळाली. तेही प्रकरण त्यानं आधी ताईलाच वाचून दाखवलं होतं. तिचे पाय थांबले ते कितीतरी वेळ हललेच नाहीत. मग ती म्हणाली, "छान झालंय."

कुलूप काढून तो आत गेला. बाहेर आभाळ भरलेलं, आत भरदुपारी दिव्याशिवाय दिसेना, आणि वीज तर कालच तोडलेली. बंद घराचा कोंदट वास होता, त्यात मशीनच्या तेलाचाही होता. मशीनच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग तेवढे उरले होते. पुस्तकं पिशव्यांत भरून झाली तरी त्याचा पाय निघेना. शेवटी त्यानं स्टूल ओढलं, खिडकीपाशी बसला आणि प्रकरण बाहेर काढलं.

नव्या कादंबरीत ती आई म्हातारी झाली होती. शेवटच्या प्रकरणात ती हौदाच्या काठी बसते आणि स्वतःला माफ करते. प्रकाशकाला हा शेवट फार आवडला होता. लेखकाला वाटत होतं, एवढं केलं की ताईचं देणं फिटलं. जे तिनं केलंच नाही त्याची माफी तिला देऊन टाकायची, आणि आपण मोकळं व्हायचं.

दुसऱ्या पानावर खडखड सुरू झाली.

शेजारीण शिवायला बसली असेल, असं त्यानं धरलं. उलट बरंच वाटलं. जुनी लय सापडली, आवाज सुटला. पण वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की तो पान उलटायला थांबला की खडखडही मंदावते. आणि ती भिंतीपलीकडून येत नव्हती. त्या चार डागांवरून येत होती. तेलाचा वास आता इतका दाट झाला होता, की जिभेवर चव यावी. त्यानं मान वर केली नाही. पानात डोकं खुपसून वाचत राहिला... मूल हाक मारतं ते वाक्य आलं... "आई..."

खडखड थांबली.

खोलीत काही हललं नाही. मग कोपऱ्यातून, अगदी हळू, रोजच्यासारखं कुणीतरी विचारलं,

"चिंगीनं हाक मारली का रे?"

भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. एक "हो" म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. तो "हो" अगदी ओठांशी आला, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात आलं, की हा प्रसंग लिहायचा तर सुरुवात वासानं करावी की आवाजानं. खरंच आलं. त्याला स्वतःची किळस वाटली, तरी वाक्य जुळतच राहिलं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाही गं... ऐक ना पुढे."

तो आवाज चढवून वाचत सुटला. खडखड पुन्हा झाली नाही. त्या शांततेत त्यानं प्रकरण शेवटपर्यंत रेटलं, पानं तिथेच टाकली, पिशव्या उचलल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. भिंतीला टेकून किती वेळ उभा होता, त्यालाच कळलं नाही.

"झालं का वाचून?" शेजारीण पायरीवर उभी होती. ती इथे राहायला येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. "म्हटलं, मध्येच कशाला जा. ताई असतानाही मी बाहेरूनच ऐकायचे."

"तुम्ही... शिवत होता ना आत्ता?"

"कशावर शिवणार? आणलं त्याच दिवशी मशीनचा पट्टा तुटला. पडून आहे तसंच." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बसता का जरा? चेहरा उतरलाय तुमचा. आणि छोटीला आतच ठेवलीत होय?"

"कोण छोटी?"

"तुमच्यानंतर वाचत होती ती. नात का? अक्षर अक्षर लावून वाचते, गोड वाटतं ऐकायला. पण एकच ओळ, पुन्हा पुन्हा."

"कुठली ओळ?"

"'मामाला ऐकू आलं होतं.'" शेजारीण हसली. "तुमच्या गोष्टीतलीच ना?"

लेखकाच्या हातातल्या पिशव्या जड झाल्या. मागे बंद दार होतं, समोर ही साधी बाई.

"हो," तो म्हणाला. "गोष्टीतलीच."

"मग घेऊन या तिला बाहेर. अहो, केव्हाची हाका मारतेय, घसा बसला बिचारीचा." तिनं दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचं हसू मावळलं. "तुम्हाला... ऐकू नाही येत?"

लेखकानं दाराला कान लावला. श्वास रोखून, डोळे मिटून, जीव एकवटून त्यानं ऐकलं.

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.