तपासायचा राहिलेला माणूस

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. फक्त शेवटी "लेखकाची कल्पनाशक्ती भारी" अशी कमेंट टाकू नका. हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या, रोहिणीच्या बाबतीत, आणि ती आजही पनवेलमध्येच राहते.

आणखी एक. यात मध्यरात्र नाही, अमावस्या नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, मंगळवार, दुपारचा दीड.

रोहिणी तेव्हा जुन्या पनवेलात एका डॉक्टरांकडे कामाला होती. सहा वर्षं. केसपेपर काढायचे, बीपी बघायचं, इंजेक्शनं द्यायची. आणि एक काम, ज्याची पाटी कुठे लावलेली नव्हती...

मेलेल्यांचे दाखले भरायचे.

माणूस घरीच वारला की डॉक्टरचा दाखला लागतो. कशाने गेला ते त्यात लिहायचं. रीत अशी की डॉक्टरने जाऊन बघावं, चौकशी करावी, मग लिहावं. आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. दर सोमवारी अख्ख्या पॅडवर सह्या ठोकून ठेवायचे आणि पॅड रोहिणीच्या ड्रॉवरमध्ये. नातेवाइकाने मयताचं आधार कार्ड आणायचं, रोहिणीने नाव-वय भरायचं, आणि कारणाच्या पहिल्या ओळीत ठरलेलं एकच वाक्य : 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने.'

त्याखाली आणखी दोन ओळी असतात. हे कशामुळे झालं? आणि ते मुळात कशामुळे? सहा वर्षांत त्या ओळींना कधी शाई लागली नाही.

रोहिणीने एकदा विचारलं होतं. डॉक्टर हसले.

"अगं, मेला म्हणजे हृदय थांबणारच ना? खोटं कुठे लिहितोय आपण?"

बघा आता. खोटं नाहीच! ह्याच्यावर कोण काय बोलणार?

तर त्या मंगळवारी सकाळी दहाला एक मुकादम आला. तळोज्याकडच्या एका कारखान्याच्या टाक्या साफ करायला माणसं पुरवणारा. कार्ड टेबलावर ठेवलं. काळूराम, वय चौतीस. वाडीवरचा कातकरी.

"काल संध्याकाळी गेला. घरीच, झोपेत. आत्ताच पुरून आलो. ग्रामसेवकाला कागद पाहिजे."

"डॉक्टर बघायला नकोत?"

"पुरलेल्याला काय बघणार, ताई?" मुकादम हसला.

रोहिणीने दाखला भरून दिला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुपारी दीडला डॉक्टर वर जेवायला गेले. रोहिणीने शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला.

तेवढ्यात वास आला...

सडक्या अंड्यांचा.

तिने डबा हुंगला. भाजी चांगली होती.

मग खोकला ऐकू आला. ओला, खोल, संपता न संपणारा...

बाकड्यावर एक माणूस बसला होता. शटर वाजलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती.

अंगावर काळा चिखल, कपडे निथळत होते. बाहेर वैशाखाचं ऊन आणि हा भिजलेला!

"ताय, डॉक्टर हाय का?"

"चार वाजता येतील. त्रास काय होतोय?"

"मला कोनी तपासलाच नाय."

रोहिणीला दया आली. म्हणाली, बीपी तरी बघून ठेवते. पाऱ्याचं जुनं मशीन होतं. त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दंड गार. ओला आहे म्हणून असेल, असं तिने स्वतःलाच समजावलं. हवा भरली, कानाला नळी लावली आणि हवा हळूहळू सोडली.

एकशे साठ... एकशे वीस... ऐंशी...

ठोका नाही.

चाळीस... वीस...

एकही नाही.

तिने पुन्हा हवा भरली. पुन्हा तेच. मशीन बिघडलं म्हणून तिने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. धडधड कानात नुसती आदळली. मशीन ठणठणीत होतं.

पाचावर धारण बसणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

"नाव... काय तुमचं?"

"काळूराम. सकाली तुमीच लिवला ना?"

तिची नजर ड्रॉवरकडे गेली.

"टाकीत वास हाय, ताय. उद्या माज्या भावाला उतरवतील. सुदामला. कागदावर लिवा, टाकीत वास हाय..."

पुन्हा खोकला आला. आणि मग खोकलाच थांबला.

बाकडं रिकामं. फरशीवर काळं पाणी. वास मात्र तिथेच!

रोहिणी धावत वर गेली. डॉक्टर आमरस खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उन्हाने होतं असं. लिंबूपाणी घे. आणि दिलेला दाखला बदलता येत नाही, उगाच भानगड नको."

वास त्यांनाही आला असणार. खाली आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते पंखा लावायचं.

संध्याकाळी रोहिणी रिक्षा करून वाडीवर गेली. काळूरामची बायको मैना अंगणात बसली होती. सुदाम होता, जेमतेम पंचविशीचा. मैनाकडून कळलं, काळूराम घरी वारलाच नव्हता. टाकीतून वर काढला तेव्हाच मान टाकलेली, मुकादमाने टेम्पोत घालून घरी आणून निजवला.

"सुदाम, उद्या जाऊ नकोस. त्या टाकीत विषारी वायू आहे. भाऊ त्यानेच गेला."

सुदामने मोबाइल पुढे केला. दाखल्याचा फोटो होता.

"मुकादमानी वाचून दावला. हृदय बंद पडला. टाकीचा काय दोस? डॉक्टरची सही हाय."

"ते चुकीचं आहे रे!"

"कोनी लिवलाय?"

रोहिणी म्हणाली, "मी."

"मंग सकाली लिवला ते खरा, का आता बोलता ते खरा?"

अक्षर तिचंच होतं. तरी तिने धीर करून सांगितलं, काळूराम दुपारी आला होता, स्वतः बोलला. सुदाम उठून घरात गेला. मैना तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वेड्या माणसाकडे बघतात तसं.

बुधवारी सकाळपासून रोहिणी सुदामला फोन लावत होती. बंद.

बाराला मुकादम आला. कार्ड टेबलावर ठेवलं.

सुदाम.

"कालच्यासारखंच लिहा, ताई. घराण्यातच हृदय कमजोर, काय करणार!"

मेल्या मुकादमाला लाज नाही हो! जिभेला हाड नसतं, पण माणसाला काळीज तरी असावं.

रोहिणीने पॅड ओढलं आणि रिकाम्या ओळींत पहिल्यांदा लिहिलं : टाकी साफ करताना विषारी वायूने. खाली डॉक्टरांची सही होतीच. मुकादमाने वाचलं आणि ओरडाआरडा सुरू केला. डॉक्टर आतून आले, कागद टराटरा फाडला, आणि दुसरा स्वतःच्या हाताने भरून दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतः लिहिलं साहेबांनी. वाक्य तेच.

मुकादम गेला. रोहिणी घरी गेली नाही. ती बाकड्यासमोर खुर्ची टाकून बसली. शटर पूर्ण वर. ठरवलंच होतं तिने, सुदाम आला की डॉक्टरांना खाली ओढून आणायचं आणि त्याचं मनगट त्यांच्या हातात द्यायचं. बघा म्हणावं आता हृदय!

दीड वाजला.

दोन...

अडीच...

वास नाही. खोकला नाही. बाकडं कोरडं.

तीन वाजता तिने पर्स उचलली आणि वाडी गाठली. खड्डा खणून झाला होता. माणसं फावडी घेऊन उभी होती. "पुरू नका! मी पोलिसांना बोलावते, पोस्टमार्टेम करू!" ती ओरडत होती. मैना पुढे आली. तिने रोहिणीचा हात धरला.

"ताय, आज सुदाम आला का तुमच्याकडं? काल आमी आयकला नाय. आज तो काय बोलला आसंल तर सांगा. आज मी आयकन. ह्या समद्यांना थांबवन."

एक "हो" पुरला असता. पण रोहिणी म्हणाली, "नाही. कुणीच नाही आलं."

मैनाने हात सोडला.

"कशाला येल? भाऊ येऊन सांगून गेला, त्याचा काय झाला?"

आणि मागे वळून माणसांना म्हणाली, "लोटा माती."

रोहिणी त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेली होती. तिथे तिला विचारलं, घरच्यांची तक्रार आहे का? नव्हती. कागदोपत्री दोन दाखले होते, दोन्हींत मृत्यू नैसर्गिक. नोकरी तिने सोडली. टाकीत आता दुसऱ्या वाडीची माणसं उतरतात.

परवा मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारी दीडला ती जेवणावरून उठली, दार सताड उघडलं आणि समोर खुर्ची टाकून बसली.

खरं सांगतो... तीन वाजेपर्यंत त्या दाराकडे पाठ करून बसायची माझी हिंमत झाली नाही.