गंजलेले खडे

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा कचऱ्यात वाकलेली होती. आमच्या लोखंडाच्या ओतशाळेच्या मागे भट्टीतून निघालेले गंजके खडे टाकलेले असायचे. त्या आवाराची जबाबदारी माझ्याकडे होती.

"ओ बाई, काय हरवलंय?"

"हरवलं नाही, सापडलंय. हे तुम्ही फेकून देता?"

"नाही, दागिने करून घालतो."

ती हसली आणि रिकामं पोतं माझ्याकडे सरकवलं. "मग धरा जरा, सोनारबुवा."

ती प्रयोगशाळेत काम करायची. रंगाच्या कारखान्याचं लाल पाणी नाल्यात जायचं. ते साफ करायची पावडर महाग, आणि एकदा वापरली की संपली. तिचं म्हणणं असं, की आमचे खडे आणि थोडं औषध टाकलं तर पाण्यातला रंग मोडतो. वर तेच खडे गाळून, वाळवून पुन्हा वापरता येतात. दहा वेळा चालले तर तिचे साहेब मंजुरी देणार, नाहीतर तिचं काम बंद आणि ती दुसऱ्या शहरात.

ती आता नाही, दोन वर्षं झाली. पण तेव्हा होती, आणि दर मंगळवारी येत होती.

एकदा तिनं हात पुढे केले. बोटं तांबूस झालेली. "बघा ना... साबणानंही जात नाही."

मी बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी खडे धुवायला लागलो. लोखंडाचा गंज काढायला आमच्याकडे आम्लाची टाकी होती. खडे त्यात बुडवायचे, पाण्यानं खळखळून काढायचे, उन्हात पसरायचे.

भट्टीवरचे मिस्त्री बघत होते. "लेका, एवढं लक्ष कधी कामात दिलं नाहीस. कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"बरं. मग खड्यांशीच लग्न कर."

तीन आठवड्यांनी ती मंगळवार सोडून गुरुवारी आली. डोळे सुजलेले.

"खडे चालत नाहीत. पाणी लालच्या लाल राहतंय. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. सगळं तीनदा तपासलं... माझंच काहीतरी चुकतंय."

गप्प राहिलो असतो तर तिच्या नजरेत चांगलाच राहिलो असतो. पण ती स्वतःला दोष देत होती.

"मी धुतले," मी म्हणालो.

"काय धुतलं?"

"खडे. आम्लात. तीन आठवडे."

ती बघतच राहिली. "अहो, तो गंजच तर काम करतो! गंज गेला की उरला नुसता दगड! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. तुमचे हात... खराब होत होते ना, म्हणून."

तिनं सोबत आणलेलं पोतं उघडलं. मग पोत्यातला एक चकचकीत खडा उचलून तिनं मला मारला. नेम चांगला होता.

"शहाणेच आहात," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. "चला, उठा. न धुतलेले कुठे आहेत?"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ढिगात बसून खडे निवडले. माझीही बोटं तांबूस झाली. शुक्रवारी तिनं फेऱ्या सुरू केल्या आणि शनिवारी दुपारी, दहाव्या फेरीला, मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

काचेच्या भांड्यात लाल पाणी फिरत होतं. लालचं गुलाबी झालं. मग फिकं... मग आरपार. पलीकडे तिचा चेहरा दिसायला लागला.

साहेबांनी सही केली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

मी ओतशाळेचं नाव सांगणार होतो. तिनं आधीच तोंड उघडलं.

"यांनी माझे खडे बिघडवले होते, सर. भरपाई म्हणून आता जन्मभर निवडून देणार आहेत." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू – "देणार ना?"

"देणार," मी म्हणालो.

एकतीस वर्षं दिले.