पाड्यावरचं पहिलं घर

घोडबंदर रोडलगतच्या पाड्यावर हेमा पोचली तेव्हा दामाजीचं प्रेत अजून पडवीतच होतं. पडवीचं छप्पर कोसळलेलं. त्या पसाऱ्यात दामाजी उताणा पडला होता. डोकं फुटलेलं, छातीवर एक वासा.

पाड्यावरचं हे पहिलं घर. दामाजीच्या पणज्यानं जंगल तोडून, सागाचे खांब रोवून उभं केलेलं. नव्वद साल उजाडलं आणि आजूबाजूला इमारती उठू लागल्या. हे घर तरी जपलं जावं, म्हणून वास्तुविशारद हेमा धडपडत होती.

"जुनं घर, पडायचंच," फौजदार गुरुदत्त म्हणाले. "कसं पडलं तेवढं सांगा मॅडम, पंचनामा उरकतो."

प्रेत उचललं. हेमा वाकली. दामाजीच्या पाठीत कौलांच्या कपच्या रुतल्या होत्या. पडवीचा खांब दगडावरून सरकला होता आणि त्यावर दोर घासल्याचा ताजा वळ होता. पडवी मागाहून जोडलेली. आतल्या जुन्या घराचं एक कौलही हललं नव्हतं.

"हा अपघात नाही," ती म्हणाली.

गुरुदत्तांनी पुतण्याला, परशुरामला पुढे घेतलं.

"घर पाडायची घाई तुलाच होती ना?"

"होती. पण काकापण तयार झालेला, साहेब. बिल्डरला हो बोललेला. मी कशाला मारू त्याला?"

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"काल जेवताना त्यानंच सांगितलं. मला आणि आत्याला."

आत्या म्हणजे बायजा, दामाजीची विधवा बहीण. याच बाईनं हेमाला भाकऱ्या वाढल्या होत्या, एकेक भिंत हातानं सारवून राखली होती. ती उंबऱ्यावर बसली होती.

"आत्या, तुम्ही काय पाहिलंत?"

"आवाज झाला, धावत आयलू. त्याचे अंगावर छप्पर परलेला."

"अंगावर पडलं असतं तर कौलं त्याच्या वर असती. ती पाठीखाली आहेत. आधी दोरानं खांब ओढून पडवी पाडली. मग प्रेत आणून ठेवलं, वर वासा टाकला."

"उलट सोपं नव्हतं?" गुरुदत्तांनी विचारलं. "प्रेत ठेवायचं, मग छप्पर पाडायचं."

"सोपं होतं. पण मारणाऱ्याला त्याच्या अंगावर छप्पर पाडवलं नाही. आणि जुन्या घरालाही धक्का लावला नाही. परशुरामनं घराचा मधला खांबच ओढला असता." हेमा बायजाकडे वळली. "आत्या, तुम्हीच ना?"

बायजानं उंबऱ्यावरून हात फिरवला.

"नको इकू, बोल्लू त्याला. तो हसला. बोलला, तुझा काय हाय यात? माझा जल्म गेला ये घरान. मुसल हाताशी होता..."

जमलेल्या पाड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून रडू लागल्या. पोलिसांनी बायजाला जीपकडे नेलं. पायरीवर ती थबकली.

"हेमा, आता तं कोन पारनार नाय ना घर?"

दामाजीला मूलबाळ नव्हतं. आता मालक एकटा परशुराम. तो अंगणात उभा राहून जुन्या घराच्या छपराकडे बघत होता.

हेमाला मान वर करवली नाही.