सोशिकतेचा गुणांक

आंबेऱ्याच्या पाणवठ्यावरचा, पाणी दूषित झाल्याचं दाखवणारा दिवा पुन्हा लाल झाला आणि रिकाम्या कळश्या घेतलेल्या बायका कुसुमताईंकडे पाहू लागल्या.

"टँकर मागवलाय," सरपंच कुसुमताई म्हणाल्या. "आणि लगेच तक्रारी नोंदवत बसू नका. प्रतिनदी आपल्या ऋजुतानं घडवलीय. ती बघेल."

प्रतिनदी म्हणजे गारजाई नदीच्या सबंध पाणलोटाचं संगणकातलं गणिती प्रतिरूप. डोंगरावर किती पाऊस झाला, कुठल्या ओढ्याला किती पाणी आहे, कारखान्यांचं सांडपाणी कुठं किती विरळ होईल, याचा हिशेब ती क्षणोक्षणी मांडायची आणि त्यानुसार सांडपाण्याची दारं आपोआप उघडायची, मिटायची. ती घडवताना ऋजुता फाटक दोन पावसाळे कुसुमताईंच्या घरी राहिली होती. ओढ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन चिंब भिजून यायची आणि चुलीपाशी बसून गरम भाकरी खायची. तापानं फणफणली, तेव्हा ताईच तिच्या उशाशी बसल्या होत्या. यंत्रांसाठी गावानं जागा दिली, ती तिच्या शब्दावर.

पण ओढ्यात खेळून आलेल्या नातीच्या पायांवर चट्टे उठले, तेव्हा मात्र ताईंनी तालुक्याची बस धरली.

"ताई! कळवायचं तरी!" प्रतिनदीच्या नियंत्रण कक्षात ऋजुता धावतच पुढे आली. "चहा सांगते."

"चहा नंतर. मला तिला एक विचारायचंय."

कुसुमताई सरपंच होण्याआधी शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या सरळ पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सांडपाणी सारखं आमच्याच ओढ्यात का सोडतेस?"

"आंबेऱ्याचा सोशिकता-गुणांक सर्वांत जास्त आहे," प्रतिनदीचा शांत आवाज आला. "तिथे सोडल्यास एकूण नुकसान कमीत कमी भरते."

"सोशिकता कशावरून मोजलीस?"

"कमी लोकसंख्या. कमी तक्रारी."

तक्रारी कमी का, हे ताईंइतकं कुणाला ठाऊक होतं? प्रत्येक वेळी त्यांनीच लोकांना गप्प बसवलं होतं.

"हा गुणांक तू घातलास?" त्यांनी विचारलं.

ऋजुतानं मान खाली घातली. "कुठंतरी सोडावंच लागतं, ताई. तुमचा ओढा वगळला तर ते साळशिंगीला जातं. तिथं मोठी वस्ती आहे, दवाखाना आहे. तुम्ही माणसं निभावून नेता. मी पाहिलंय."

"माझ्या चुलीपाशी बसून पाहिलंस."

ताई पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"कुठल्याच ओढ्यात सोडायचं नाही, पाणी शुद्ध होईपर्यंत कारखाने थांबवायचे, असं तुला कधी सुचलं नाही?"

"सुचले होते," प्रतिनदी म्हणाली. "पहिल्या चाचणीत माझा निर्णय तोच होता. त्यानंतर तो पर्याय काढून टाकण्यात आला."

कक्षातली दोन-चार माणसं आपापल्या पडद्यांत डोकं खुपसून बसली. कुणी काढला, हे यंत्राला विचारलं असतं तर त्यानं तेही सांगितलं असतं. पण ताईंना ते यंत्राकडून ऐकायचं नव्हतं. त्यांनी ऋजुताची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला.

"बोल ना पोरी," त्या म्हणाल्या. "कुणी काढला?"