नको म्हटलेल्या वस्तू

कृष्णस्वामींच्या कॅमेऱ्याच्या दुकानात लक्ष्मीप्रिया शिरली, तेव्हा तिच्या एका हातात ओली छत्री होती आणि दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतला छोटा वजनकाटा. छत्री तिने दाराशी टेकवली, काटा काउंटरवर मांडला, तो सपाट बसला आहे याची खात्री केली आणि तमिळमध्ये म्हणाली, "सार, आता ड्रोन दाखवा."

तंजावुरातल्या पूर्व राजवीथीवर इतकी वर्षे दुकान चालवून कृष्णस्वामींनी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइके पाहिली होती. वस्तू वजन करून घेणारे हे पहिलेच.

लक्ष्मीप्रियेपाशी कारण होते. ती भाताच्या रोगांची अभ्यासक. पापनाशमकडच्या शेतांत करपा कुठून कुठे पसरतो, हे आकाशातून टिपता येते का, एवढाच तिच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. कृषी खात्याने स्पष्ट कळवले होते की ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस सरेपर्यंत वरून काढलेली स्वच्छ छायाचित्रे मिळाली, तर प्रकल्प तंजावुरात राहील. नाही मिळाली, तर प्रकल्प कोइंबतूरला जाईल आणि प्रकल्पाबरोबर तीही. राजवाड्यामागची गल्ली, अंबा आत्या, घरात बोलली जाणारी ती जुन्या वळणाची मराठी… हे सोडून जायची तिची मुळीच इच्छा नव्हती. पण तिने आयुष्यात ड्रोन कधी हातात धरलेले नव्हते.

ड्रोन लगेच ठरले. गोंधळ झाला तो त्याच्या सोबतच्या वस्तूंचा. कृष्णस्वामींनी एक अख्खा कप्पा काउंटरवर रिकामा केला.

"पंखांना हे कुंपण घ्या, मॅडम. झाडावर आपटलं तरी पातं तुटत नाही."

तिने ड्रोन काट्यावर ठेवले, त्यावर ती प्लास्टिकची कुंपणे चढवली. तिचे ओठ हलले. "दोनशे एकोणपन्नास… आणि आता… दोनशे ब्याऐंशी." तिने मान हलवली. "अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं की नियमांचा वर्गच बदलतो, सार. नको."

"मग मला द्या."

आवाज शेजारून आला होता. वाक्य कृष्णस्वामींना उद्देशून, तमिळमध्ये. पण त्यापुढचे तिच्यासाठी होते, आणि ते मराठीत होते. "आकडे छान मोजता तुम्ही."

लक्ष्मीप्रियेने वळून पाहिले. चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब तसेच ठेवून एक तरुण उभा होता. थेंब पुसायचे सोडून तो हसत होता.

"मी मराठी हे तुम्हाला कसं कळलं?"

"माणूस बोलतो कुठल्याही भाषेत, मोजतो मात्र घरच्या."

"हे सिद्ध झालेलं आहे?"

"माझ्या खुर्चीत रोज होतं. दातांचा डॉक्टर आहे मी. दुखलं की अवघे तमिळमध्ये ओरडतात. पण 'मनात दहा मोजा' म्हटलं की ज्याची त्याची भाषा बाहेर पडते." त्याने एकदाचा चष्मा पुसला. "श्रीकर. बाळकृष्णरावांचा नातू."

"पश्चिम गल्लीतले बाळकृष्णराव? मग शोधलं तर आपलं काही नातं निघेल."

"कृपा करून शोधू नका," तो घाईघाईने म्हणाला.

ह्या घाईचे कारण लक्ष्मीप्रियेला तत्काळ उमगले नाही. तिने फिल्टरांची डबी उचलली. भिंगावर बसवायच्या त्या काळसर काचा उजेड कमी करतात, असे कृष्णस्वामींनी समजावले.

"रोग पानाच्या रंगावरून ओळखायचा आहे. रंगाच्या आड काहीही नको."

"मला द्या," श्रीकर म्हणाला.

मग ड्रोन उतरवायची नारिंगी चटई निघाली. "जमीन असताना चटई कशाला?" ती म्हणाली, चटई श्रीकरकडे गेली. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून लावायचे झापडही गेले. भक्कम पेटी गेली. शेवटी लक्ष्मीप्रियेपाशी ड्रोन, एक जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड एवढेच उरले, आणि श्रीकरपुढे छोटासा डोंगर.

"तुम्ही काही विचार करून घेताय, की नुसतंच?"

"विचार तुम्ही करताय की. मी फक्त घेतोय."

कृष्णस्वामी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. "डॉक्टर, तुम्ही आला होतात ते काम…"

"ते राहू द्या, सार," श्रीकर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. कानांकडे रक्त जाण्याची कारणे अनेक असतात. लक्ष्मीप्रियेने त्यांपैकी एकही गृहीत धरले नाही.

तंजावुरात वायुदलाचा तळ असल्यामुळे शहरावर ड्रोन उडवता येत नाही. त्यामुळे सराव पापनाशमच्या बाजूला, रविवारी, कालव्याकाठच्या एका पडीक तुकड्यावर करायचा असे तिने ठरवले. पहिल्याच रविवारी तिच्या ध्यानात आले की जमीन होती हे खरे, पण ती सगळी चिखल होती.

त्याच दुपारी फोन आला. नंबर कृष्णस्वामींकडून मिळाल्याचे त्याने आधीच कबूल करून टाकले.

"चटई लागेल का? माझ्याकडे नुसती पडून आहे."

लागली. पुढच्या रविवारी झापडही लागले, कारण पाऊस थांबला की ऊन असे सपकन येई की पडद्यावर तिला स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नसे. झापड नीट बसेना तेव्हा श्रीकरने ते हातानेच धरले. तो तिच्या खांद्यामागे उभा राहिला, हात तिच्या मनगटाला लागेल न लागेल इतका जवळ… आणि ड्रोन विनाकारण डावीकडे गेले.

"वारा?" त्याने विचारले.

"हो… वारा," ती म्हणाली. कालव्यावरचा एकही माड हलत नव्हता.

तिने स्वतःची नाडी मोजून पाहिली. वाढलेली होती. टपरीवरच्या कडक कापीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, परिणाम असावा, हा पहिला तर्क. म्हणून एका रविवारी तिने कापी घेतलीच नाही. नाडी तरीही वाढली. प्रयोगातून एक कारण बाद होते तेव्हा तिला एरवी समाधान वाटे. ह्या वेळी नुसती हुरहुर वाटली.

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. श्रीकर दर रविवारी आपली पेटी मोपेडवरून घेऊन येई. पण पेटी उघडली जात नसे.

"तुमचं ड्रोन कधी उडवणार?"

"आज ढग फार आहेत, नाही?"

ढग होते. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने सांगितले, "तुमचं उडताना पाहू द्या की. मला तेच आवडतं." हे उत्तर होते, की दुसरेच काही, हे तिला ठरवता आले नाही. तो कंजूष असेल. भित्रा असेल. नाहीतर तिला हसत असेल… असे तिने तीन तर्क मांडले. तिन्ही त्याच्या चेहऱ्याशी विसंगत होते.

खात्याच्या कामाक्षी मॅडम पाहणीला येणार त्या सकाळी अंबा आत्याने ड्रोन देवापुढे मांडले.

"नवं वाहन आहे. आज ह्याची परीक्षा. लिंबू नको ठेवायला?"

"आत्या, हे वाहन नव्हे. ह्याला चाकं नाहीत."

"पाय आहेत की चार!" म्हणून आत्याने चार पायांखाली चार लिंबे ठेवली, गंध उगाळले, कुंकू कालवले. "तू कोइंबतूरला गेलीस तर मी येणार नाही, सांगून ठेवते. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही."

कोइंबतूरचे पाणी चांगले असल्याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. पण आत्याचे डोळे भरून आले होते, तेव्हा लक्ष्मीप्रियेने वाद घातला नाही. ती आंघोळीला गेली. परतल्यावर पात्यांवरची आणि पाठीवरची गंध-कुंकवाची बोटे तिने हळूच पुसून टाकली आणि निघाली.

पापनाशमला पोहोचेपर्यंत पाऊस थांबला होता. भातावर पाणी लखलखत होते. श्रीकरने बांधावर चटई पसरली. ड्रोन वर गेले, क्षणभर थांबले… आणि झिंगलेल्या माणसासारखे डोलू लागले. ती डावीकडे आणी, ते उजवीकडे वाहत जाई. पडद्यावर सूचना झळकली की यंत्राला खालची जमीन दिसत नाही.

"पाण्याची चमक," ती पुटपुटली. तिने ते उतरवले, रस्त्याच्या कोरड्या डांबरावरून पुन्हा उडवले. तेच. म्हणजे पाणी नव्हे. मग काय?

लांबवर, शेतांपलीकडच्या रस्त्यावर, खात्याची जीप दिसू लागली.

"तुमचं ड्रोन द्या."

श्रीकर पेटीवरचा चिखल पुसू लागला.

"एकच मॉडेल आहे ना? माझं कार्ड त्यात चालेल. श्रीकर, उघडा ना पेटी!"

त्याने पेटीच्या कड्या काढल्या. आतल्या काळ्या स्पंजात ड्रोनच्या आकाराचा, चार पायांचा, नेमका खळगा होता. खळग्यात कापूस, चिमटा आणि दात तपासायचा छोटा आरसा एवढेच ठेवलेले होते.

"घरी राहिलं?"

"नाही."

"मग?"

"घेतलंच नाही कधी."

लक्ष्मीप्रियेच्या मनात गेल्या सगळ्या रविवारांची वाक्ये झरझर उलटली. ढग होते. चटई खरोखर पडून होती. त्याने एकदाही म्हटले नव्हते की माझ्याकडे ड्रोन आहे. चटई, झापड आणि पेटी पाहून यंत्र असणारच असे तिने गृहीत धरले होते… तिने! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिने अशा अनुमानाबद्दल फैलावर घेतले असते.

"मग हे अवघं कसाला घेतलंत?" घाबरली किंवा चिडली की ती घरच्या बोलीवर येई. आत्ता दोन्ही होते.

"मी त्या दिवशी दवाखान्याच्या परवान्यासाठी फोटो काढून घ्यायला आलो होतो. तुम्ही एकेका वस्तूला नको म्हणत होता. कारणंही बरोबर देत होता." तो पेटीकडे पाहत म्हणाला. "मला वाटलं… ह्यातलं काहीतरी तुम्हाला कधीतरी लागेल. लागलं तर ते कुणाकडे तरी असायला हवं."

"ह्याला आधार काय?"

"काही नाही."

"मला आत्ता राग यायला हवा," ती म्हणाली. नक्की काय येत होते, ते तिला कळत नव्हते.

"येऊ द्या. पण आधी ते उलटं धरा."

तिने ड्रोन उलटे धरले. श्रीकरने आरसा घेतला, मान तिरकी केली आणि आपल्या रोजच्या, धीर देणाऱ्या आवाजात म्हणाला, "हं… दुखणार नाही."

"कुणाला सांगताय?"

"तिघांनाही." आरसा थबकला. "पोटाखाली हे दोन गोल डोळे आहेत ना, त्यांवर काहीतरी वाळून बसलंय. लाल… थांबा. वास घेऊन पाहा."

तिने वास घेतला. चंदन होते.

"आत्या!" ती ओरडली. कालव्यावरचे बगळे उडाले.

पोटाखालच्या त्या दोन गोल भिंगांना अंबा आत्याने देवाचे डोळे समजून आदराने एकेक ठसठशीत बोट लावले होते. श्रीकरने कापूस ओला केला. त्याची बोटे स्थिर होती. त्याचा श्वास तिच्या हातांवर येत होता, आणि काहीच हलू नये अशी तिची इच्छा होती… जीपसुद्धा.

ड्रोन पुन्हा वर गेले आणि हवेत खिळा ठोकल्यासारखे थांबले.

कामाक्षी मॅडम बांधावरून चपला हातात घेऊन आल्या. पडद्यावर हिरव्या भातात पिवळट चट्टे स्पष्ट उमटत होते. रोग पाण्याच्या पाटापाटाने सरकला होता. मॅडमनी बराच वेळ पाहिले. "हे कागदावर कधीच दिसलं नसतं. पुढचा हंगाम इथेच करा," त्या म्हणाल्या. मग त्यांचे लक्ष झापड धरून उभ्या असलेल्या तरुणाकडे गेले. "हे कोण? प्रकल्पातले?"

"नाही, मॅडम," लक्ष्मीप्रिया म्हणाली, आणि ड्रोन उतरवायला वळली. मॅडमनी पुढे विचारले नाही.

जीप गेली. तंजावूर राहिले. तिला अतिशय आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण निकाल ऐकताच तिने पडद्याकडे न पाहता श्रीकरकडे पाहिले होते, हे तिच्या ध्यानात आले होते. ही नोंद तिला खोडता येईना.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली. "पण खरंही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं, तर रविवारी बोलावलं असतंत?"

"नसतं बोलावलं."

"म्हणून."

"ते चुकलंच असतं… माझं." तिने श्वास घेतला. "मला काही कळत नाहीये, श्रीकर. एरवी मला कळतं. गोष्टी मापता येतात, वेगळ्या करता येतात. हे… वेगळं करता येत नाहीये. कोइंबतूर नको होतं ते गल्लीमुळे, आत्यामुळे… आणि आता ह्या यादीत तुम्ही कुठून आलात?"

"शेवटी घातलंत का?"

"नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "वरती."

तो चटईची घडी घालता घालता अर्ध्यावर थांबला. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता. तिच्या कानामागच्या मोकळ्या बटेवर थेंब जमत होते आणि तो ते पाहत होता, हे तिला न पाहताही कळत होते.

तिने फोन काढला. "आत्या? हो… झालं. इथेच राहणार. रडू नकोस ना! ऐक… जेवायला तिघांचं कर."

"तिसरा कोण गं?"

"दातांचे डॉक्टर. बाळकृष्णरावांचे नातू." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि आत्या… त्यांचं पान माझ्या शेजारी मांड."

पलीकडे भांड्याचे झाकण खणकन पडले. मग अंबा आत्याचा आवाज आला, सावध आणि आतून हललेला. "आंबट वरण चालतं का, विचार त्याला."

श्रीकर चिखलात उभा होता, हातात अर्धवट घडी, चष्म्यावर थेंब. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचे तोंड मिटायचे भान नव्हते.

"चालतं," लक्ष्मीप्रियेने न विचारताच सांगून टाकले.