संध्याकाळचा बाबा

त्या गुरुवारी मिस्त्रीला एका दवाखान्याची लिफ्ट बघायला पाठवलं होतं. जानेवारीतला दुसरा गुरुवार. दुसऱ्या मजल्यावर दार नीट मिटत नव्हतं, एवढंच काम. दाराच्या खाचेत कुणाच्या तरी चपलेचा पट्टा अडकलेला. तो काढला, वरखाली दोन फेऱ्या मारून बघितल्या, वहीवर सही घेतली, आणि साडेपाचला गडी मोकळा. दवाखाना शहराच्या कडेला, त्याच्या घराच्या वाटेवरच. दीड वर्षात पहिल्यांदा तो उजेड असताना घराकडे निघाला.

मिस्त्री म्हणजे माझ्या हाताखाली अकरा वर्षं काम केलेला माणूस. खोटं बोलणाऱ्यातला नाही. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. तुम्ही नवराबायको आल्यापासून मला त्या लांबच्या वसाहतीचे फोटो दाखवताय, हिरवळ काय, झोपाळा काय, म्हणून सांगतोय. घर घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. सूनबाई, दिवा नको लावूस, राहू दे अंधार. ऐका फक्त.

हा आधी थोरल्या भावाकडे राहायचा. दोन खोल्या, सात माणसं, सकाळी मोरीसाठी रांग. ह्याची मुलगी सहा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालायचीच नाही, पळायची. खालच्या मजल्यावरचा म्हातारा काठीने छत ठोकायचा. एक दिवस भर जिन्यात म्हणाला, "वर घोडी बांधलीय का?" वहिनीला लाज वाटली, तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. मिस्त्रीने नेमकं ते बघितलं.

"दादा, वहिनीला सांग. माझ्या पोरीला हात लावायचा नाही."

"एवढं असेल तर घे की स्वतःचं घर," दादा म्हणाला. "अडवलंय कुणी?"

झालं. शब्दाला शब्द लागला आणि ह्याने खरंच घर घेतलं. या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही असंही म्हणून आला. घर इतकं लांब, की तिथे पोचेपर्यंत बूड बधिर व्हायचं. पण बघण्यासारखं होतं, ते मी नाकारत नाही. बैठं घर, पुढे अंगण, पोरीला स्वतंत्र खोली, कुणाच्या भिंतीला भिंत नाही. बायको म्हणाली होती, "इथेच जवळ एखादी खोली बघू या हो. रोज एवढं लांब तुम्ही..."

"मला माझी पोरगी पळताना बघायचीय," हा म्हणाला.

बघायचीय म्हणे! पहाटे पाचला निघायचा, तेव्हा पोरगी झोपलेली. रात्री साडेदहाला यायचा, तेव्हाही झोपलेली. राहायला गेले त्या दिवशी तिला शब्द दिला होता, "रोज सातला मी घरात." चार दिवस पाळला. पाचव्या दिवशी रस्त्यात अडकला, आणि मग अडकलाच. सगळ्या वसाहतीची तीच गत. घराघरात बाया आणि पोरं, आणि बापे सगळे रस्त्यावर हॉर्न वाजवत. मला चीड येते अजून. घर पोरांसाठी घ्यायचं, आणि त्याच घरापायी पोरांना बापच दिसू द्यायचा नाही. कुठला शहाणपणा हा? आणि कुणी शिकवला आपल्याला?

रविवारी हा मेल्यासारखा झोपायचा. बायकोने एकदा सांगितलं, "संध्याकाळी फाटकाची कडी वाजते. कुणी दिसत नाही." हा म्हणाला, "वारा असेल. मोकळ्या जागेत वारा असतोच." दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाला, मांजर असेल. तिसऱ्यांदा ह्याने ताट सरकवून दिलं. "दिवसभर राबून यायचं आणि तुझं हे ऐकायचं?"

मग तिने सांगणं सोडलं.

तर त्या गुरुवारी सात वाजून पाच मिनिटांनी हा गल्लीच्या तोंडाशी पोचला. मोटरसायकल बंद करून ढकलत आणली. म्हटलं, पोरीला चकित करू. अंधार पडला होता. भिंगरीच्या खोलीत दिवा. ती खळखळून हसत होती. आणि पडद्यावर सावली होती.

पुरुषाची.

मांडी घालून बसलेली. समोर पोरगी.

मिस्त्रीच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्याने पिशवीतून मोठा पाना काढला. दार लोटलं. आत तीन ढांगा टाकल्या आणि खोलीत शिरला.

भिंगरी एकटी होती.

खिडकीला गज. दुसरं दार नाही. पलंगाखाली बघितलं. कपाट उघडलं. कुणी नाही.

"कोण होतं इथे?"

पोरगी उठली. बापाकडे धावली नाही. दारात आई आली होती, तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिथून हळूच म्हणाली, "तुम्ही आज लवकर आलात?"

तुम्ही. जन्मल्यापासून ती ह्याला "ए बाबा" म्हणायची. आता पाहुण्याला म्हणावं तसं... तुम्ही.

"आई, हे रात्रीचे बाबा ना?" तिने विचारलं. "मग संध्याकाळचा बाबा गेला?"

मिस्त्रीने पोरीला स्वयंपाकघरात पाठवलं आणि बायकोकडे वळला. "कोण आहे तो?"

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "ऐकू येतं. सातला कडी वाजते. बूट काढल्याचा आवाज होतो. नळ सुरू होतो, पाय धुतात. मग पोरगी पळत जाते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तीनदा सांगितलं. चौथ्यांदा कुणाला सांगायचं होतं? रोज संध्याकाळी ती पायरीवर बसून रडायची. तेव्हा कुठे होतात तुम्ही? आता रडत नाही."

"अगं, भूत खेळवतंय माझ्या पोरीला..."

"कुणीतरी खेळवतंय ना," बायको म्हणाली.

ह्यावर तो आणखीच चिडला. सकाळी तो वसाहतीच्या राखणदाराकडे गेला. "माझ्या घरात आधी कोण राहायचं? कोण मेलं तिथे?" राखणदार म्हणाला, "साहेब, नवं कोरं घर ते. पहिली चावी तुम्हालाच दिली."

शुक्रवारी मिस्त्री कामावर गेला नाही. पावणेसातला दाराशेजारी खुर्ची टाकून बसला. मांडीवर पाना. बायको स्वयंपाकघराच्या दारात. भिंगरी आपल्या खोलीत, खिडकीशी.

सहा अठ्ठावन्न.

सात.

कडी वाजली.

ह्याच्या डोळ्यांदेखत फाटक आत उघडलं... आणि परत लागलं. अंगणात कुणी नव्हतं. पावलं मात्र येत होती. एक पाऊल नीट. दुसरं जरा ओढत. एक नीट. दुसरं ओढत.

मिस्त्री एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. तेव्हापासून डावा पाय ओढायचा.

पावलं पायरी चढली. त्याच्या खुर्चीला लागून आत गेली. घामाचा वास आला, ग्रीसचा वास आला. बूट निघाले... एक. दोन. मोरीत नळ सुरू झाला.

आणि आतून पोरगी ओरडली, "ए बाबा, लवकर ये ना!"

हा ताडकन उठला. "कोण आहेस तू? नीघ. नीघ माझ्या घरातून!"

नळ बंद झाला.

...

बायकोने तोंडावर पदर धरला होता.

खोलीच्या दारात भिंगरी आली. वर मान करून कुणाचं तरी ऐकत होती. मग बापाकडे वळली. समजूत घालावी तशी म्हणाली, "बाबा म्हणतो, ओरडू नका."

...

"तो म्हणतो, तुम्ही जा आता. तुम्हाला उशीर होतोय."

पाना हातातून गळला.

त्याच रात्री दोघींना घेऊन मिस्त्री भावाच्या दारात उभा राहिला. साडेअकरा वाजले होते. दादाने दार उघडलं, तिघांकडे बघितलं आणि बाजूला झाला. वहिनीने पोरीला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी जवळच एक खोली मिळाली. अंधारी, एकच खिडकी, वर पुन्हा नळाची बोंब. पण सातला हा घरात असायचा. पोरगी हळूहळू "ए बाबा" म्हणायला लागली.

सामान आणायचं राहिलं होतं. एका रविवारी दुपारी तो आणि मी टेम्पो घेऊन गेलो. मी स्वतः होतो, ऐकीव नाही हे. कुलूप जसंच्या तसं, चावी त्याच्या खिशात. भिंगरीच्या खोलीतलं लोखंडी कपाट पहिल्या दिवसापासून एकाच जागी होतं. दोघांनी जोर लावून हलवलं.

मागे भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या. आडव्या, एकीवर एक. पोरांची उंची मापतात तशा. प्रत्येकीपुढे तारीख. अक्षर मिस्त्रीचं. अकरा वर्षं त्याच्या नोंदी वाचल्यात मी, मला नाही कळणार?

"कधी मापलीस रे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. कधीच नाही.

सगळ्यात वरच्या रेघेपुढे तारीख होती आदल्या दिवसाची. शनिवारची.

मिस्त्रीने खिशातून टेप काढली. जमिनीपासून रेघेपर्यंत धरली. तीन फूट दहा इंच, दोन सूत. घरी आल्या आल्या त्याने पोरीला हाक मारली. ती आली, आणि कुणी न सांगता भिंतीला टाचा लावून, हनुवटी वर करून ताठ उभी राहिली.

त्याने टेप धरली. खालचं टोक मी दाबून धरलं.

तीन फूट दहा इंच. दोन सूत.